सरांनी धरलेला लेहरा

आमच्या सरांना घरी जेवायला बोलवायचं म्हणजे आधी ताटांची निवड करावी लागे. ताट समोर आलं की माणूस काय वाढलंय ते बघतो. सर ताटाच्या कडेवर टिचकी मारत आणि कान तिरका करून ऐकत. आवाज पटला तर चेहरा खुले, मग भात कच्चा राहिला असला तरी चालत असे. पटला नाही तर आमच्या आईला अगदी अदबीनं म्हणत, "वहिनी, हे ताट तेवढं बदला की. जेवण उतरायचं नाही." आईनं पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ती घाबरून स्वयंपाकघरातली सगळी ताटं घेऊन आली. सरांनी प्रत्येकावर टिचकी मारली, त्यातलं सर्वांत जुनं, पोचे आलेलं ताट निवडलं आणि पोटभर जेवले. नवीन डिनर सेट तसाच राहिला. आईला ते अजून लागून आहे.

सर धारवाडला विद्यापीठात तालवाद्यं शिकवत. तबला शिकवत म्हटलं तर बाकीच्या वाद्यांवर अन्याय होईल. सकाळी पखवाज, दुपारी मृदंगम्, संध्याकाळी कुठल्यातरी कन्नड नाटकाला ढोलकी, आणि मठात भजन असलं तर तिथं जे हाताला लागेल ते. हिंदुस्थानी गाणारा असो की कर्नाटकी, साथीला माणूस आला नाही की सप्तापुरात सरांच्या दाराची कडी वाजायची. ते कुणालाही नाही म्हणत नसत. एकदा कसल्याशा फॉर्मवर 'मुख्य वाद्य' अशी एकच ओळ होती. सरांनी तिथं लिहिलं, 'हात'. क्लार्कनं फॉर्म परत आणला आणि म्हणाला, "सर, एकच काहीतरी लिहा." सर म्हणाले, "एकच लिहिलंय की."

अशा माणसाला नावं ठेवणारे असायचेच. एक नुसता तबलाच वाजवणारे गृहस्थ होते, ते सरांच्या तोंडावर म्हणाले, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" सर मुळीच रागावले नाहीत. म्हणाले, "चिंध्यांचीच कौदी होते बघा. आणि धारवाडच्या थंडीत शालीपेक्षा कौदीच बरी." आमच्याकडं गोधडीला कौदी म्हणतात. सरांच्या घरी वाद्यांना कौद्या होत्या. दोन खाटा होत्या, एकीवर पखवाज निजे आणि एकीवर मृदंगम्. सर आणि काकू जमिनीवर.

काकू त्यांच्या लग्नाची गोष्ट फार रंगवून सांगत. "मला बघायला आले तेव्हा माझ्याकडं बघितलंच नाहीत. पोह्यांची बशी हातात घेतली, वाजवली आणि मान डोलावली. आमच्या वडलांना वाटलं मुलगी पसंत पडली. खरं तर बशी पसंत पडली होती. मी आपली बशीबरोबर आले." सर शेजारीच बसून ऐकत आणि शेवटी गंभीरपणे म्हणत, "बशी अजून आहे."

त्यांची बोटं कधी थांबली नाहीत. सभेत ते टेबलाच्या कडेवर ठेका धरून बसत आणि बोलणारा माणूस नकळत त्याच लयीत बोलू लागे. कुणाचं भाषण फार लांबलं की सर लय वाढवत नेत आणि एक झकास तिहाई वाजवत. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून नेमक्या जागी संपवायचं. तिसऱ्या वेळी टेबलावर बोट पडलं की वक्ता "धन्यवाद" म्हणून खाली बसे आणि आपण का बसलो ते त्याला कळत नसे. ही विद्या आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडं मागितली. त्यांनी बाकी सगळं शिकवलं, ही दिली नाही.

त्यांचं सगळंच बरोबर यायचं असं मात्र नाही. एकदा ते आम्हाला तारिहाळला एका कारखान्यात घेऊन गेले, यंत्रांचे ताल ऐकवायला. एका प्रेससमोर दहा मिनिटं डोळे मिटून उभे राहिले आणि फोरमनला म्हणाले, "हे मशीन एक मात्रा खातंय. आठवड्यात मोडतंय बघा." त्या बिचाऱ्यानं मशीन बंद करून उघडलं. आत सगळं ठीक होतं. पुढं कितीतरी वर्षं ते मशीन तस्संच चालत राहिलं. सर दर वर्षी फोन करून विचारत, "मोडलं काय?" नाही म्हटलं की म्हणत, "इरली बिडू." असू दे, सोड. हे त्यांचं पालुपद होतं. कार्यक्रम रद्द झाला, रिक्षा चुकली, ऐन कार्यक्रमात तबल्याचं चामडं फाटलं, सगळ्याला एकच उत्तर, इरली बिडू.

मी त्यांच्याकडं शिकायला गेले ती घरी भांडून. आमचं हुबळीला दुर्गदबैलात हार्डवेअरचं दुकान. खिळे, बिजागऱ्या, घमेली, दोरखंड. आमचे आजोबा मिरजेकडून आले आणि इथलेच झाले. माझ्या वडलांचा, अप्पांचा, संगीताला विरोध नव्हता, ते फक्त आमच्या घरात होऊ नये एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यातून मुलीच्या जातीनं तबला! चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. शेवटी अप्पांनी अट घातली, एक वर्ष. वर्षाची परीक्षा पास झालीस तर पुढं शीक. नाहीतर निमूट दुकानात बस, आणि आम्ही दाखवू त्या स्थळाला उभी राहा. मी हो म्हटलं. मला नापास होणं माहीतच नव्हतं.

सरांनी तीन महिने मला तबल्याला हात लावू दिला नाही. हातावर ताल धरायचा, बस्स. टाळी, खाली, टाळी. सरांचा कार्यक्रम असला की मला पहिल्या रांगेत बसवत आणि सगळं गाणं संपेपर्यंत मी मांडीवर हातानं ताल धरायचा. मी एकदा वैतागून विचारलं, "सर, वाजवणारे तुम्ही, मग माझा हात कशाला?"

"तुझा हात बघितला की लोकांना काय दिसतंय ते मला कळतं," ते म्हणाले.

याचा अर्थ मला एका रविवारी सकाळी कळला. गायला एक फार मोठ्या बाई होत्या. वय ऐंशीच्या पुढं, आवाज अजून तसाच. विलंबित ख्याल चालला होता. समेची गोष्ट इथं सांगायला हवी. तालाचं आवर्तन गोल फिरत असतं आणि सम म्हणजे त्याची पहिली मात्रा. गाणारा कुठंही भटकून येवो, समेला तो आणि तबला एकत्र भेटले पाहिजेत. बाई सुंदर भटकल्या आणि समेवर आल्या, पण दोन मात्रा आधीच. मान हलवून, हात उंचावून, अगदी विश्वासानं आल्या. आणि त्याच क्षणी सरांचा 'धा' वाजला. सरांनी मधल्या दोन मात्रा गिळून टाकल्या होत्या.

लोकांनी "वा!" केलं. माझा हात मात्र खऱ्या हिशेबानं चालला होता. मी दोन मात्रांनंतर टाळी दिली. मागच्या रांगेतले जाणकार माझ्या हाताकडं बघून कुजबुजू लागले. सरांनी वाजवता वाजवता माझ्याकडं असं बघितलं की मी हात पदराखाली घेतला.

दोन दिवसांनी एका वर्तमानपत्रात छापून आलं, गायन अप्रतिम, तबल्याची साथ मात्र ढिली होती, समेचं भान सुटलं. माझा तिळपापड झाला. मी कागद घेऊन तडक सप्तापूर गाठलं. "सर, चूक बाईंची होती! मी पत्र लिहिते त्या पेपरवाल्यांना."

"तुझा हात बरोबर होता," सर म्हणाले. "पण बरोबर असलेलं सगळं दाखवायचं नसतं. बाई आयुष्यभर चुकल्या नाहीत. आता या वयात चारशे लोकांपुढं त्यांना सम परत कुठं शोधायला लावू? गाणाऱ्याची चूक साथीदारानं पोटात घालायची असते." मग तो कागद घेऊन त्यांनी डग्ग्याच्या गादीखाली घातला. गादी जरा डुगडुगत होती, ती नीट बसली. "इरली बिडू."

त्या दिवशी हा माणूस मला देवासारखा वाटला. दोन महिन्यांनी त्याचाच मला मनस्वी राग आला.

परीक्षेला तबल्याचं एकल वादन होतं. अशा वादनात पेटीवर एकच छोटी ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहते. तिला लेहरा म्हणतात. वाजवणाऱ्यानं हवे तेवढे खेळ करावेत, लेहरा त्याला सम कुठं आहे ते सांगत राहतो. माझ्या लेहऱ्याला खुद्द सर पेटीवर बसले होते. समोर बाहेरगावचे परीक्षक. पहिली पंधरा मिनिटं बरी गेली. मग मी एक लांब तिहाई घेतली आणि माझा शेवटचा 'धा' समेपेक्षा एक मात्रा उशिरा पडला.

एक मात्रा. सरांनी बाईंसाठी दोन गिळल्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी एक सूर जरा ताणला असता तर परीक्षकांना पत्ताही लागला नसता. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि लेहरा होता तसाच चालू ठेवला. जरासुद्धा हलला नाही. मी आत शिरायची जागा शोधू लागले, ती सापडेना, डोळ्यांत पाणी आलं आणि मी उठून बाहेर पळाले. जिन्यावरून उतरताना मागं पेटी वाजतच होती. मी मनात म्हटलं, काय निर्दय माणूस आहे! मुलगी रडत गेली तरी यांचं वाजवणं संपत नाही.

मी नापास झाले. दुसऱ्या दिवसापासून दुकानात बसून गिऱ्हाइकांना बिजागऱ्या काढून देऊ लागले. घरी स्थळं सुचवणाऱ्या नातेवाईकांचे फोन मात्र वाढले.

आठवडाभरानं सर दुकानात आले. हातगाड्यांमधून वाट काढत, खांद्याला शबनम. माझ्याकडं बघितलंच नाही. अप्पांना म्हणाले, "अण्णा, एक हातोडी द्या. तबला सुरात लावायला." मग त्यांनी दुकानातली प्रत्येक हातोडी घेऊन घमेल्यावर, बादलीवर, पत्र्यावर वाजवून बघायला सुरुवात केली. रस्त्यावर माणसं जमली. शेजारचा कापडवाला गादीवरून उठून बघायला आला. अप्पांचा जीव कानकोंडा झाला. ते म्हणाले, "मास्तर, कुठलीही न्या, पण आवरा!"

सर हातोडी खाली ठेवून म्हणाले, "तुमची मुलगी नापास झाली नाही, अण्णा. ती थांबली."

"त्यात फरक काय?"

"वाजवता येत नाही तो नापास. तिला येतंय. मध्येच उठून आली. उठलेल्याला परत बसवता येतं."

"परीक्षेला पेटीवर तुम्हीच होता म्हणे," अप्पा म्हणाले. अप्पा व्यापारी होते, त्यांना सगळं कळलेलं असायचं. "मग सांभाळून का घेतलं नाहीत? तुमचीच विद्यार्थिनी ना?"

सरांनी हातोडीचे पैसे मोजून ठेवले. मग म्हणाले, "आणखी एक वर्ष द्या. मग सांगतो."

अप्पांनी वर्ष दिलं. मला अजून वाटतं की ते त्यांनी घमेल्याच्या आवाजाला भिऊन दिलं. पुढच्या वर्षी मी पास झाले, त्याच्याही पुढं शिकले, आणि आता हुबळीला दोन खोल्यांत तबल्याचा वर्ग चालवते. अप्पा आणि सर यांची तर अशी दोस्ती जमली की दर गुरुवारी सर दुकानात येऊन बसत आणि दोघं मिळून गिरमिट खात. गिरमिट म्हणजे आमच्याकडचा कांदा-टोमॅटोचा कालवलेला चुरमुरा, वर शेव, आणि सोबत मिरची भजी. परीक्षेत मला सांभाळून का घेतलं नाही, ते मात्र सरांनी कधी सांगितलं नाही. अप्पा विसरले. मी विसरले नव्हते. रागही पुरता गेला नव्हता. माणसाचं ऋण मानायचं आणि त्याच्यावर एका कोपऱ्यात रुसूनही बसायचं, हे मला वर्षानुवर्षं जमलं.

सर निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा हलकासा झटका आला आणि डावा हात मंदावला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. सरांनी तो शेजारच्या पोराला देऊन टाकला आणि काकूंची कणीक मळायला घेतली. रोज दोन वेळा. "चेंडूला चव नाही," म्हणाले. काकू सांगत, "चपात्या कधी इतक्या मऊ झाल्या नव्हत्या, पण नको गं असला मऊपणा." हळूहळू डग्ग्यावर घुमारा परत आला. मग एक दिवस त्यांनी सगळ्यांना कळवलं की पंच्याहत्तरीला सत्कार नको, शाल नको. अर्धा तास तीनताल वाजवणार. एकटे.

एका विद्यार्थ्यानं सुचवलं, लेहरा मोबाईलवर लावू, एकदम पक्का असतो, कधी हलत नाही.

"त्याला हलताच येत नाही," सर म्हणाले. "त्यात त्याची काय मोठी करामत?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पेटी तू धर."

यापलीकडं एक शब्द बोलले नाहीत. बोलली बाकीची मंडळी. एकेक जण मला बाजूला घेऊन सांगू लागला, ताई, सर कुठं चुकले तर सांभाळून घे हं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी काकूंनी माझे दोन्ही हात धरले. "त्यांना कळू देऊ नकोस, पण सांभाळ गं. या वयात लोकांपुढं हसं नको व्हायला." मी हो म्हटलं. मनातून मी ठरवूनच टाकलं होतं. बाईंसाठी सरांनी केलं तेच मी सरांसाठी करणार. उलट मला थोडा आनंदही होत होता. बघा, तुम्ही माझ्यासाठी केलं नाहीत, मी तुमच्यासाठी करते.

हॉल भरला होता. सरांनी पेशकार, म्हणजे एकल वादनाची संथ सुरुवात, वाजवायला घेतला आणि पाच मिनिटांत आमची सगळी भीती पळाली. हात मंद होता, पण त्या मंदपणालाही त्यांनी कामाला लावलं होतं. जिथं पूर्वी चार बोल टाकत तिथं एकच टाकत, आणि तो इतका भरून येई की बाकीच्या तिघांची आठवण होऊ नये. काकू पहिल्या रांगेत हातानं ताल धरून होत्या. वीस मिनिटांनी सरांनी एक लांब तिहाई घेतली. डावा हात मागं राहिला. शेवटचा 'धा' समेच्या पुढं पडला. एक मात्रा.

तीच मात्रा. मला जिना आठवला.

सरांनी हात उचलले आणि मांडीवर ठेवले. काकूंचा हात थांबला. माझं बोट पुढच्या सुरावर होतं. जरा ताणला की झालं, कुणाला कळणार नाही. मी सरांकडं बघितलं. वाटलं होतं की ते माझ्याकडं बघत असतील, मी त्या दिवशी बघत होते तसे. ते बघतच नव्हते. डोळे मिटलेले, मान तिरकी, ताटावर टिचकी मारल्यावर असायची तशी. ते ऐकत होते. मी लेहरा हलवला तर ते ऐकतायत ती जागाच राहणार नाही, मग हा माणूस परत येईल कुठं?

मी लेहरा होता तसाच ठेवला.

एक आवर्तन गेलं. काकूंनी माझ्याकडं असं बघितलं की मी नजर खाली केली. दुसरं गेलं. मागं कुणीतरी खोकलं. तिसरं गेलं. चौथ्या आवर्तनात, निम्म्यावर, सरांचा उजवा हात उठला. एक छोटासा तुकडा, अगदी साधा, पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात तो. तीनदा वाजवला आणि तिसऱ्याचा 'धा' माझ्या समेवर असा पडला की पेटी माझ्या हातात हलली.

हॉल टाळ्यांनी भरून गेला. लोकांना वाटलं, सरांनी मुद्दाम जागा सोडली, काय ती थांबायची हिंमत! एक तरुण मुलगा तर म्हणाला की असला सन्नाटा त्यानं कधी ऐकला नव्हता. सरांनी पुढची दहा मिनिटं वाजवली आणि वेळेवर थांबले. काकू डोळे पुसत सगळ्यांना सांगत होत्या, "घरी पण असंच वाजवतात."

मग आम्ही मागच्या खोलीत बसलो. अप्पांनी हुबळीहून गिरमिट आणवलं होतं. सर उजव्या हातानं खात होते, डावा मांडीवर थकून पडला होता. बोटं तेवढी हलत होती. इतक्या वर्षांनी मला वाटलं की आता विचारावं, आणि मला विचारायचं धैर्य होईना.

"मी थांबलो तेव्हा किती आवर्तनं वाजवलीस?" त्यांनीच विचारलं.

"तीन पुरी. चौथ्याला तुम्ही आलात."

"हूं." त्यांनी मिरचीच्या भज्याचा एक तुकडा मोडून माझ्या गिरमिटच्या कागदावर ठेवला. "तुझ्या परीक्षेत मी पाच वाजवली होती. दाराकडं बघत. सहाव्याला परीक्षकांनी पेटीवर हात ठेवला."

मी तो तुकडा तोंडात टाकला. मिरची तिखट होती, तेवढंच बरं झालं.